आईला आमवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन सांगितलंय, इम्युनिटी जाईल का?

तुम्ही लिहिलंय की मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध पुरेना म्हणून डॉक्टरांनी अडालिमुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन सांगितलंय आणि घरचे सगळे घाबरलेत. मी डॉक्टर नाही, पण आमच्याकडे गोव्यात डिचोलीला माझ्या आईचं हेच झालं म्हणून सांगते.

आईची बोटं सकाळी दोन-दोन तास वळायचीच नाहीत. चवथीला नेवऱ्या करायला बसली आणि कड दुमडायला चिमूटच धरता येईना, पारी तशीच ताटात टाकून उठून आत गेली. ते बघून मी ठरवलं, इंजेक्शन घ्यायचंच.

सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात ते निरोप. आमवातात सांध्यात "सूज आणा, सूज आणा" हे निरोप थांबतच नाहीत, त्यातला एक मोठा म्हणजे टीएनएफ. आता असे निरोप कितीतरी, एकच अडवून काय होणार असं कुणालाही वाटेल, पण लंडनला मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या टीमला दिसलं की टीएनएफ अडवला की त्याच्या मागचे बाकीचेही खाली येतात, आणि १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ अडवणारं औषध पेशंटना देऊन बघितलं. अडालिमुमॅब हेच करतं, टीएनएफला पकडून ठेवतं.

म्हणजे सगळी इम्युनिटी जात नाही, पण एक गोष्ट खरंच महत्त्वाची आहे, टीबी. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात, शरीराने त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधलेली असते आणि ती टिकवायला टीएनएफच लागतो. तो अडवला की भिंत ढासळू शकते. आम्हाला आधी एकाने टेस्टचं नावही न काढता इंजेक्शन लिहून दिलं होतं, मला अजून राग येतो त्याचा. दुसऱ्या डॉक्टरांनी छातीचा एक्सरे आणि रक्ताची इग्रा टेस्ट (अंगात टीबीचे जंतू आहेत का ते बघणारी) करायला लावली, इग्रा पॉझिटिव्ह आली, आईला खोकला नाही की ताप नाही तरी! मग टीबी उठू नये म्हणून गोळ्या सुरू केल्या, महिनाभर त्या झाल्यावरच पहिलं इंजेक्शन दिलं.

तेव्हा कृपा करून हे रिपोर्ट हातात आल्याशिवाय सुरू करू नका, हेपेटायटिस बीची टेस्टपण करून घ्या. आणि नंतर कधी ताप रेंगाळला, रात्री घाम यायला लागला किंवा वजन उतरलं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायचं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. पावसात आमच्याकडे लाईट जाते, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी एकच आणते.