सेल पाडायच्या आधी एवढं कर

भाऊ, वाळूजला नवीन लागलास आणि पहिल्याच आठवड्यात लिथियम-आयन बॅटरी सेलची ड्रॉप टेस्ट (सेल उंचावरून पाडून बघायची चाचणी) हातात आली, म्हणजे नशीबवान आहेस. घाबरू नको, फक्त घाई करू नको.

आयएस १६०४६ भाग २ मध्ये, म्हणजे लिथियम सेलच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकात, ही टेस्ट (तिथे नाव फ्री फॉल) सरळ आहे: फुल चार्ज सेल, १ मीटर उंची, सपाट काँक्रीट किंवा धातूची फरशी, ३ वेळा, कुठल्याही बाजूवर पडेल असा. मग किमान १ तास तसाच ठेवायचा आणि नंतर बघायचं. आग नाही, स्फोट नाही, तर पास.

नवीन पोरं चुकतात ते इथेच:

- अर्धवट चार्ज सेल पाडतात. ताकद भरलेलीच नसेल तर टेस्ट कसली?
- पडल्या पडल्या उचलायला धावतात. मीही धावलो होतो. १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, नळकांडीसारखा), कडेला नखाएवढा पोचा, बाकी थंडगार. वीसेक मिनिटांनी गोडसर, थिनरसारखा वास आला आणि सेल तापायला लागला. तेव्हापासून चिमटा आणि कोरड्या वाळूची बादली हाताशी, खिडकी उघडी.
- पाडण्याआधीचा व्होल्टेज लिहीत नाहीत. दुसऱ्या दिवशी ४.२ चा ३.९ झाला तर आत शॉर्ट आहे, पण आधीचा आकडाच नसेल तर कळणार कसं?

पाडलेला सेल परत बॅटरी पॅकमध्ये घालायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. आणि मे महिन्यात तो पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नको, आपल्याकडचं ऊन तुला माहीतच आहे.

क्रश (सेल दाबून बघणं), शॉर्ट सर्किट वगैरे बाकीच्या टेस्ट नंतर बघू. आधी दहा सेल नीट पाड.