थांबलास, ते बरोबर केलंस

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भरतीच्या पहाटे रस्त्यावर पडलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवलंस, सोळाशे मीटरची धाव हुकली आणि आता घरचे म्हणतात, ‘कोण कुठला तो, तुला काय पडलं होतं?’ चुकलं का, असं तू मला विचारतोस. या प्रश्नाचाच मला राग आला. थांबलास ना? मग झालं.

परवाणूचं सांगतो. ऑक्टोबर 1992, हिमाचल. रोपवेची ओढदोर तुटली आणि पाळणा कौशल्या नदीच्या दरीवर अधांतरी अडकला. आत दहा पर्यटक. लष्कराच्या 1 पॅरा या छत्रीधारी पलटणीचे मेजर इव्हान क्रास्टो हेलिकॉप्टरमधून दोराला लोंबकळत त्या पाळण्यावर उतरले. ते एमआय-17 हेलिकॉप्टर हवाई दलाचे वैमानिक फली मेजर (मेजर हे त्यांचं आडनाव) सांभाळत होते. खाली तारा, पंख्याच्या वाऱ्यानं पाळणा हेलकावे खातोय. काही जण निघाले आणि अंधार पडला. उरलेल्यांना सोडून क्रास्टो परतले नाहीत. रात्रभर त्याच पाळण्यात राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप सुटले. क्रास्टोंना कीर्तिचक्र मिळालं, फली मेजरांना शौर्यचक्र.

लोक त्या दोराचं कौतुक करतात. मला ती रात्र आठवते. दोरावरून उतरणं पॅरावाल्यांना शिकवलेलं असतं. नावगाव माहीत नसलेल्या, भेदरलेल्या माणसांजवळ थांबणं कुठल्या कवायतीत शिकवतात?

मी थांबलो नव्हतो. 1994 साली सुटी संपवून भावाच्या मोटारसायकलवर स्टेशनला चाललो होतो. कडेला दूधवाला पडलेला, किटल्या उलटलेल्या. भावानं वेग कमी केला. मी म्हणालो, ‘चल, गाडी चुकेल.’ गाडी मिळाली. हजेरीही वेळेवर लागली. त्याचं पुढे काय झालं, हे विचारायचा धीर मला आजवर झाला नाही. तेव्हा मदत करणाऱ्याच्याच मागे चौकशीचा ससेमिरा लागायचा. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं 134अ कलम, अशा माणसाला मिळणारं संरक्षण, काही नव्हतं. शिवाय पलटणीत उशीर म्हणजे उशीर. तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय, आणि यातलं काही खोटं नाही. तरी थांबायला हवं होतं.

तेव्हा घरच्यांसमोर मान खाली घालू नकोस. वयाची अट मलाही ठाऊक आहे, म्हणून दिवस वाया घालवायचे नाहीत. उद्या पहाटे पाचला मैदानावर ये, घड्याळ घेऊन मी असेन. वाटेत कुणी पडलेलं दिसलं, तर उशीर कर. मी थांबेन.

तुझा,
काका