शेण की खरकटं? गॅस कशात जास्त?

बायोगॅसच्या टाकीत शेण आणि खरकटं घालून गॅसची तुलना करायची तुमची हौस चांगलीच, पण सुरुवात शेणानेच करा. ताजं शेण आणि पाणी समप्रमाणात कालवा, टाकीत भरा आणि गॅस निळ्या ज्योतीने जळेपर्यंत दुसरं काही घालू नका. पहिला गॅस बहुधा पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्या, घाबरू नका.

एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. शिळा भात, पोळी, पीठ यांतून किलोमागे कितीतरी जास्त, कारण शेणातला सहज पचणारा भाग गुराने आधीच पचवलेला असतो. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर घरगुती संयंत्र उभं केलं.

नवखे इथेच चुकतात:
- लग्नाघरचं उरलेलं अन्न एकदम ओततात. टाकी आंबते, आंबूस वास येतो, ज्योत विझते. असं झालं तर टाकीत अन्न घालणं थांबवा, थोडं शेणपाणी घाला.
- उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या घालतात. ही सहज कुजत नाहीत, टाकी तुंबते.
- थंडीमुळे कमी झालेल्या गॅसचा दोष कचऱ्याला देतात.

म्हणून दोन्ही कचरे एकाच ऋतूत, वजन करूनच तपासा. पीएच (आंबटपणाचं माप), सी-एन गुणोत्तर (कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण) सध्या राहू द्या. ज्योत स्थिर झाली की कळवा, पुढचं बोलू.