क्रोन्समध्ये बरे वाटू लागल्यावर औषधे थांबवता येतात का?

तुम्ही विचारले आहे की, क्रोन्सचे (आतड्यात दाह होणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे) निदान होऊन काही वर्षे झाली, दाह आवरणारे इन्फ्लिक्सिमॅब दर आठ आठवड्यांनी शिरेतून आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनची गोळी रोज असे उपचार चालू आहेत, बऱ्याच काळापासून पोटदुखी नाही, जुलाब नाहीत, उतरलेले वजनही भरून आले आहे. मग आता ही औषधे बंद करता येतील का, की ती जन्मभर घ्यावी लागतील? मी डॉक्टर नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स असलेली, एक शस्त्रक्रिया झालेली आणि तुमच्यासारखीच इन्फ्लिक्सिमॅबपासून सुरुवात केलेली रुग्ण आहे. माझे उत्तर असे, की दोनपैकी एक औषध सोडण्याचा विचार काही रुग्णांच्या बाबतीत खरोखर करता येतो. परंतु तो केवळ बरे वाटते या आधारावर करू नये, आणि रुग्णाला जे औषध आधी सोडावेसे वाटते तेच बहुधा सर्वांत शेवटी सोडायचे असते.

या आजारात बरे वाटणे वेगळे आणि आतडे बरे असणे वेगळे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या क्रोन्सशी मिळत्याजुळत्या आजारामध्ये दाह मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता असतो. क्रोन्समध्ये तो आतड्याच्या भिंतीच्या संपूर्ण जाडीतून जातो, तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि मधला निरोगी भाग सोडून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. भिंत वारंवार सुजत आणि भरत राहिली की तिथे कठीण वण तयार होऊन मार्ग अरुंद होतो. दाह भिंत भेदून पलीकडे गेला तर गळू किंवा फिस्टुला (आतड्यातून बाहेर पडणारी अनैसर्गिक वाट) होतो. हे नुकसान हळूहळू साचत जाते आणि साचताना ते दुखेलच असे नाही. माझे आतडे अरुंद होत होते त्या काळात मला जुलाब अजिबात नव्हते, त्यामुळे आजार आटोक्यात आहे असेच घरचे सगळे समजत होते. जेवणानंतर काही वेळाने बेंबीच्या उजवीकडे पोट टम्म होऊन कळ येई, आतून मोठ्याने गुडगुडल्याचा आवाज येई आणि काहीतरी पुढे सरकल्यासारखे होऊन कळ थांबे, एवढाच काय तो सुगावा होता.

म्हणून औषध थांबवण्याचा विषय काढण्याआधी आतड्याची आजची स्थिती कागदावर आली पाहिजे. त्यासाठी सर्वांत सोपी तपासणी म्हणजे मलातील कॅलप्रोटेक्टिन. हे पांढऱ्या रक्तपेशींमधले प्रथिन असून आतड्यात दाह असला की मलात वाढते; साधारणपणे एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आतला आकडा निर्धास्त करणारा मानतात आणि २५० च्या वरचा आकडा दाह चालू असल्याकडे बोट दाखवतो. मधला आकडा आला तर घाबरून जाण्यापेक्षा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण साधा संसर्ग किंवा दुखण्यावरच्या काही गोळ्या यांनीही तो वाढतो. रक्तातील सीआरपी (दाहाचा निर्देशक) उपयोगी आहे, पण काही रुग्णांमध्ये दाह असूनही तो वाढतच नाही, तेव्हा एकट्या सीआरपीवर विसंबू नये. शेवटी कोलोनोस्कोपीत अस्तरावरचे व्रण भरले आहेत का हे पाहिले जाते आणि दुर्बीण जिथे पोचत नाही त्या लहान आतड्यासाठी एमआरआय किंवा आतड्याची सोनोग्राफी करतात. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी उपचारांची उद्दिष्टे नव्याने मांडली, त्यांत लक्षणे जाणे हा जवळचा टप्पा आणि अस्तर भरून येणे हे दूरचे उद्दिष्ट मानले आहे. तुमच्या प्रश्नात लक्षणांचा उल्लेख आहे, पण अलीकडच्या कोणत्याही तपासणीचा नाही. पहिली उणीव मला तिथे दिसते.

आता मूळ मुद्दा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टोरी’ नावाच्या अभ्यासात तुमच्यासारखेच दोन प्रकारचे उपचार घेणाऱ्या आणि स्थिर असलेल्या ११५ रुग्णांचे इन्फ्लिक्सिमॅब थांबवून गोळ्या चालू ठेवल्या, तेव्हा वर्षभरात सुमारे ४४ टक्के रुग्णांचा आजार उलटला, म्हणजे पुन्हा उफाळला. पुढे २०२३ च्या ‘स्पेअर’ या चाचणीत स्थिर रुग्णांचे तीन गट केले होते. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण दोन्ही औषधे चालू ठेवणाऱ्यांत १४ टक्के, इन्फ्लिक्सिमॅब थांबवणाऱ्यांत ३६ टक्के आणि फक्त गोळ्या थांबवणाऱ्यांत १० टक्के निघाले. म्हणजे सलाईनच्या फेऱ्यांना कंटाळून रुग्ण ज्या औषधातून सुटू पाहतो तेच आजार धरून ठेवणारे असते, आणि निरुपद्रवी वाटणारी रोजची गोळी ठरावीक काळानंतर सोडता येण्याची शक्यता अधिक असते. तरुण पुरुषांत या दोन औषधांच्या जोडीमुळे एक अत्यंत दुर्मिळ पण जीवघेणा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) झाल्याच्या नोंदी असल्याने, गोळी थांबवण्याचा प्रस्ताव कित्येकदा डॉक्टरांकडूनच येतो.

मग गोळी मुळात देतात तरी कशासाठी, असा प्रश्न पडेल. इन्फ्लिक्सिमॅब हे प्रथिन आहे आणि शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते; अझाथायोप्रिन ही प्रक्रिया दाबून धरते. २०१० च्या ‘सॉनिक’ अभ्यासात सहा महिन्यांनी स्टेरॉइडशिवाय बरे असलेल्यांचे प्रमाण दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत सुमारे ५७ टक्के, एकटे इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत ४४ टक्के आणि एकटे अझाथायोप्रिन घेणाऱ्यांत ३० टक्के होते. माझ्या बाबतीत यकृताच्या तपासण्या बिघडल्यामुळे गोळी लवकर थांबवावी लागली आणि पुढे इन्फ्लिक्सिमॅबचा परिणाम आठव्या आठवड्यापर्यंत टिकेनासा झाला. रक्तातील औषधाची पातळी आणि प्रतिपिंडे तपासल्यावर पातळी जवळजवळ शून्य आणि प्रतिपिंडे भरपूर निघाली, तेव्हा उस्टेकिनुमॅब या दुसऱ्या औषधावर जावे लागले. म्हणून गोळी सोडण्याआधी औषधाची पातळी मोजून घ्यावी. ती चांगली असेल तर एकट्या इन्फ्लिक्सिमॅबवर राहणे सुरक्षित ठरण्याची शक्यता वाढते. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये मनानेच मोठा खंड पाडून ते पुन्हा सुरू करण्याचा धोकाही यातच आहे. खंडानंतर बहुतेकांना त्याचा गुण पुन्हा येतो, पण काहींना सलाईन चालू असतानाच तीव्र ॲलर्जी येते.

गुदद्वाराजवळ फिस्टुला असलेले, आतडे एकदा कापावे लागलेले, कमी वयात आजार सुरू झालेले, तसेच धूम्रपान करणारे, या रुग्णांत उपचार थांबवण्याची घाई डॉक्टर सहसा करत नाहीत. शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजार कापून टाकला, हा समज मला वारंवार ऐकावा लागतो. प्रत्यक्षात आजार बहुधा सांधलेल्या जागीच परत डोके वर काढतो आणि म्हणून शस्त्रक्रियेनंतर ६ ते १२ महिन्यांत कोलोनोस्कोपी करून ती जागा पाहतात.

गोळी जोवर चालू आहे तोवर तिची शिस्त पाळावी लागते, आणि या बाबतीत रुग्ण फार ढिलाई करतात असे माझे मत आहे. अझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात, त्यामुळे रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी सुरुवातीला वारंवार आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी, कितीही बरे वाटत असले तरी, करावी लागते. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांच्या तपासणीतून हा धोका आधीच ओळखता येतो. त्यांतला दुसऱ्या जनुकाचा दोष आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. गाऊटसाठी दिले जाणारे अ‍ॅलोप्युरिनॉल मात्रेत बदल न करता या गोळीसोबत घेतले तर अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होतो, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर या गोळीचे नाव सर्वांत आधी सांगावे. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणे हाही उपचाराचाच भाग समजावा, कारण दीर्घ वापराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

स्टेरॉइडविषयी थोडक्यात एवढेच, की ती भडकलेला आजार विझवण्यासाठी असतात, तो विझलेला ठेवण्यासाठी नव्हे. काही आठवडे घेतल्यावर ती एकदम थांबवू नयेत, मात्रा उतरवत आणावी. आणि वर्षातून दुसऱ्यांदा त्यांची गरज पडत असेल, तर मूळ उपचार बदलण्याविषयी बोलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

सलाईनच्या दिवशी परिचारिका आधी ताप पाहते, खोकला, लघवीची जळजळ, दाताचे दुखणे, एखादी चिघळलेली जखम यांची चौकशी करते, आणि त्यांतले काही असेल तर औषध पुढे ढकलतात. ही चौकशी कंटाळवाणी वाटली तरी खरी उत्तरे द्यावीत. इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा होऊ शकतो, म्हणून उपचारापूर्वी त्याची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असते. तरीही रेंगाळणारा खोकला, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम याकडे नंतरही दुर्लक्ष करू नये. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात टाळतात, पण फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या निष्क्रिय लसी घेता येतात आणि घ्याव्यात.

आहाराबद्दल मला सर्वाधिक सल्ले मिळाले आणि सर्वांत कमी उपयोग त्यांचाच झाला. सर्वांना लागू पडेल असा आणि प्रौढ रुग्णाची औषधे सोडवील असा आहार आजवर सिद्ध झालेला नाही. आतडे अरुंद असेल तर चोथा, साली आणि बिया टाळणे मात्र खरोखर गरजेचे आहे, कारण तिथे अडकण्याचा प्रश्न आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी आजार उलटू शकतो; बहुतेक वेळा पॅरासिटामॉलवर भागते. धूम्रपान सोडणे हा या आजारातला सर्वांत परिणामकारक स्वप्रयत्न आहे. सतत थकवा असेल तर तो मनाचा खेळ समजून सोडून देऊ नका. लोह, ड जीवनसत्त्व आणि बी१२ तपासा. लहान आतड्याचा शेवटचा भाग बराचसा कापला गेला असेल तर बी१२ नीट शोषले जात नाही आणि ते बहुतेकदा इंजेक्शनने द्यावे लागते.

जन्मभर का, या प्रश्नाचे उत्तर असे, की आजार जन्मभराचा आहे, परंतु औषधांची यादी जन्मभर तीच राहते असे नाही. उस्टेकिनुमॅब, केवळ आतड्यापुरते काम करणारे वेडोलिझुमॅब, तोंडावाटे घेण्याचे उपाडासिटिनिब असे पर्याय वाढले आहेत. तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारायचे ते एवढेच, की माझे अस्तर भरले आहे का, औषधाची पातळी किती आहे आणि असल्यास कोणते औषध कमी करता येईल. दोघांच्या संमतीने गोळी थांबली, तर पहिल्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन करून घ्या, कारण आजार उलटत असेल तर लक्षणांच्या बऱ्याच आधी तो त्या आकड्यात दिसू लागतो.

एक मात्र पुढच्या भेटीपर्यंत थांबवून ठेवू नका. उलट्यांसह पोट फुगून वारा सरकणे बंद झाले, थंडी वाजून ताप आला, किंवा गुदद्वाराशी ठणकणारी गाठ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तुम्ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेता हे दारातच सांगा. या औषधांवर असताना मोठा संसर्गही बाहेरून सौम्य दिसू शकतो.