तांब्याच्या मुलाम्याच्या नाण्यांवर फोड, चिरा, दुहेरी अक्षरं दिसली तर संग्राहक त्याला खरंच किंमत देतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन सेंटवर बारीक फोड आहेत, अक्षरांच्या बाजूला राखाडी रेघ आहे, म्हणजे ते ‘एरर कॉइन’ (टांकसाळीतच दोष राहिलेलं नाणं) आहे का. तांत्रिकदृष्ट्या हो. पण असे दोष इतक्या नाण्यांवर सापडतात की त्यासाठी जास्तीचे पैसे सहसा कोणी मोजत नाही. मागणी असते ती मुलामाच न चढलेल्या नाण्यांना, चुकीच्या धातूवर छापलेल्यांना आणि खऱ्या डबल डायला (डाय म्हणजे छाप मारायचा साचा; साच्यातच अक्षरं दुहेरी उमटली की ती डबल डाय). गंमत अशी की हे तिन्ही प्रकार मुलाम्याच्या साध्या दोषांसारखेच दिसू शकतात, आणि फसवणूक तिथेच होते.

१९८२ मध्ये धातू बदलेपर्यंत सेंट ९५ टक्के तांब्याचा आणि ३.११ ग्रॅमचा होता. नंतर आत जस्त, वर तांब्याचा पापुद्रा आणि वजन २.५ ग्रॅम. २०२५ मध्ये चलनी सेंट पाडणं थांबेपर्यंत जस्ताच्या पट्टीतून गोल चकत्या कापत, त्यांवर विजेने तांबं चढवत आणि मग डायखाली छाप मारत. हा क्रम डोक्यात ठेवा, बरेच दोष त्यावरूनच उलगडतात. पापुद्रा जेमतेम ८ मायक्रॉनच्या आसपास असतो.

फोड येतात ते जस्त नीट साफ न झाल्यामुळे. तिथे तांबं घट्ट बसत नाही, खाली वायू अडकतो आणि छाप मारताना तो फुगतो. फोड नेमका आकड्यावर किंवा अक्षरावर आला की लोकांना ‘डाय चिप’ सापडल्याचा आनंद होतो. डाय चिप म्हणजे डायचा टवका उडाल्याने नाण्यावर आलेला भरीव उंचवटा. फरक तपासायला लाकडी टूथपिकने हलकेच दाबा: फोड दबतो, चिप दबत नाही. हा प्रयोग मात्र किरकोळ नाण्यावरच करावा.

राखाडी रेघेचं कारण वेगळं. छाप मारताना धातू अक्षरांच्या उभ्या कडांवर ताणला जातो, तिथे तांबं फाटतं आणि निळसर राखाडी जस्त उघडं पडतं. १० पट भिंगाखाली पाहिलं की ती दुसरी कड सपाट दिसते, रंगही वेगळा असतो. खऱ्या डबल डायमध्ये दुसरी प्रतिमा उंच आणि गोलसर असते, तिच्यावर तांबं शाबूत असतं, अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात, आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर खूण त्याच जागी सापडते. मुलाम्याच्या काळातल्या तीन डबल डाय ओळखून ठेवा: १९८३ ची मागच्या बाजूची सगळी अक्षरं, १९८४ चा (नाण्यावरच्या) लिंकनचा दुहेरी कान, १९९५ चं पुढच्या बाजूचं ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड’. या तिन्हींना गिऱ्हाईक कायम असतं, कारण त्यांची नोंद झालेली आहे आणि ताडून पाहता येतं. एकट्यादुकट्या फोडाचं तसं नाही.

मुलामा नसलेला सेंट म्हणजे पूर्ण पांढुरका, जस्ताचा. याच्याइतक्या नकला दुसऱ्या कशाच्याही होत नसतील. आम्लात टाकून तांबं उतरवता येतं, किंवा शाळेतल्या प्रयोगासारखा तांब्यावर जस्ताचा थर चढवता येतो. तांब्याचं वजन जेमतेम ०.०४ ग्रॅम असतं आणि नाण्याच्या वजनात ०.१ ग्रॅमची कमीजास्त चालते, म्हणून काट्यावर खरंखोटं ठरत नाही. पृष्ठभाग पाहा. खऱ्या नाण्यावर छापाची चमक असते, तिरप्या प्रकाशात नाणं फिरवलं की ती सरकते. आम्लात पडलेलं नाणं मंद आणि खरखरीत दिसतं, बारीक रेघा बोथट होतात. पांढरं नाणं २.२७ ग्रॅम भरलं तर जास्त सावध व्हा, ती डाइमची (अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्याची) चकती असू शकते. तिच्या कडेला तांब्याची रेघ दिसते, कारण डाइममध्ये तांबं आत असतं. ते नाणं मुलामा नसलेल्यापेक्षा बरंच मोलाचं.

वजनाचा खरा उपयोग उलट बाजूने होतो. १९८३ चा सेंट ३.१ ग्रॅम भरला, तर तो जुन्या धातूच्या उरलेल्या चकतीवर छापलेला आहे. असे फारच थोडे आहेत. १९८२ मध्ये मात्र दोन्ही धातू अधिकृतच होते, त्यामुळे नुसतं वजन जास्त आहे म्हणून हुरळू नये.

कड तुटल्यासारखं, अर्धचंद्र कापलेलं नाणं असेल तर तो कापाचा भाग बघा. चकती आधी कापली जायची आणि मुलामा नंतर चढायचा, म्हणून खऱ्या कापावरही तांबं असतं. उघडं जस्त दिसलं तर कुणीतरी नंतर कानस चालवली आहे असं समजा.

ब्रिटनच्या एक आणि दोन पेनीत १९९२ पासून, आणि युरोच्या १, २, ५ सेंटमध्ये, आत पोलाद असतं. ती लोहचुंबकाला चिकटतात. अमेरिकेत १९४३ चे सेंट पोलादाचे होते; त्या वर्षाचा ‘तांब्याचा’ सेंट चिकटला तर तो पोलादी नाण्यावर नंतर मुलामा दिलेला. हे बनावट प्रकार जगभर पडून आहेत.

ठेवताना ओल टाळा. चीर पडलेल्या जागी जस्त आणि तांबं एकमेकांना टेकलेले असतात, ओल मिळाली की जस्त आधी गंजतं, पांढरी पूड येते आणि पापुद्रा उचलला जातो. हे परत दुरुस्त होत नाही. पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटाऐवजी मायलर (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) वापरा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, नाणं कडेने धरा. घासू नका, पॉलिश तर नकोच. चिकट थर असला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून न पुसता सुकू द्या. फोड आणि चिरा असलेली नाणी प्रमाणपत्रासाठी पाठवू नका, तपासणीचं शुल्क नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त पडेल.