पेढीवरचा जुना संगणक

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत पेढी आहे. दोन संगणक आहेत, दोन्ही सातव्या पिढीच्या आय-थ्रीचे. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 यांच्यावर बसत नाही. एकावर हिशेबाचं टॅली, दुसऱ्यावर मराठी पत्रं, एक्सेल, ई-मेल. पुतण्या म्हणतो, ‘काका, लिनक्स टाका, फुकट आहे.’ रोजच्या कामाला चालेल का?
– एक अडत्या, कोल्हापूर

उत्तर : पुतण्याचं निम्मं ऐका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली; दुसऱ्या संगणकावर ती खुशाल टाका, टॅलीच्या संगणकाला हात लावू नका. टॅली लिनक्ससाठी निघतच नाही. ‘वाइन’ या, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीच्या आधारानं ती चालवणारे बहाद्दर आहेत, पण 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना ती अडली, तर पुतण्या फोन उचलेलच असं नाही. त्या कामाला नवा संगणक घ्या. तोवर, अपडेट बंद असल्यानं, जुन्यावर ई-मेल उघडू नका.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; दुसऱ्यावर त्यातला लिनक्स मिंट 22 घ्या. त्याला 2029 पर्यंत अपडेट आहेत. उबुंटू या दुसऱ्या प्रकाराच्या दर सहा महिन्यांच्या आवृत्तीला नऊच महिने मिळतात, त्या नादाला लागू नका. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. फरक लिनक्समुळे पडला असं लोकांना वाटतं, निम्मा तरी एसएसडीचा असतो.

खरी गोम मराठीची. तुमची जुनी पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी दिसणाऱ्या पद्धतीत, नसतील, तर ती उघडल्यावर ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. ज्या फॉन्टात ती टाइप केली तो लिनक्समध्ये टाकला की वाचता येतात, पण टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजचंच. म्हणजे नवं पत्र युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डवर. तो लिनक्समध्ये आधीपासून असतो. तुमच्या दिवाणजींचा हात जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला असेल, तर पंधरा दिवस शिव्या खायची तयारी ठेवा. मी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत त्या खाल्ल्या, स्वतःच्याच तोंडून.

एक्सेलच्या साध्या फायली लिब्रेऑफिस या लिनक्सवरच्या फुकट ऑफिसमध्ये नीट उघडतात. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या रुसतात.

प्रिंटर मात्र आधी तपासा. हिशेबपट्टीचा नऊ पिनचा डॉट मॅट्रिक्स सहसा चालतो. माझा एक जुना लेझर प्रिंटर तीन रविवार खाऊन शेवटी माळ्यावर गेला. म्हणून मिंट पेनड्राइव्हवर घ्या, संगणक त्यावरूनच चालू करा, डिस्कवर काही न बसवता एक पट्टी छापा, एक पत्र टाइप करा. डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीला लावायची छोटी किल्ली) वापरत असाल, तर तो टॅलीच्याच संगणकाला राहू दे.

आणि दिवाळी पाडव्याच्या सौद्याच्या आठवड्यात हा उद्योग काढू नका. उन्हाळ्यात, गुऱ्हाळं थंडावली की बसा.