सगळं एकाच चित्रात कोंबू नकोस
अरे, तुझ्यावर जे दुःख ओढवलं ते सगळं एकाच चित्रात आणायचंय म्हणतोस ना, गडबड तिथेच आहे. माझे बाबा गेले तेव्हा मी पण मोठ्ठा कॅनव्हास घेतला, काळा-लाल रंग फासला, रडलो, आणि महिन्याभराने बघितलं तर नुसता चिखल. मग कधीतरी त्यांचा चष्मा सापडला, एक काडी दोऱ्याने बांधलेली, तो पेन्सिलने काढायला घेतला, वीसेक वेळा तरी काढला असेन, आणि दोऱ्याची ती गाठ जमली तेव्हा कुठे वाटलं, हां, हे बाबा.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचं बघ, १९२५ च्या बस अपघातानंतर अंथरुणात पडून, वर आरसा लावून स्वतःचाच चेहरा रंगवायची, म्हणजे समोर दिसतंय तेच.

जखम ताजी असेल तर नुसतं वहीत टिपून ठेव, तारीख टाक, लाइक्ससाठी तर अजिबात टाकू नकोस. आणि कलाकाराने सोसलंच पाहिजे वगैरे सगळी भंकस आहे, झोप उडाली असेल तर आधी डॉक्टर गाठ, चित्र कुठे पळून जात नाही.

घरच्यांचं काही काढणार असशील तर त्यांना आधी विचार. मी नव्हतं विचारलं, बहीण सहा महिने बोलत नव्हती.